‘जातो’ नाही म्हणायचं

“आपण दुसरा भाग करतोय,” असं नवऱ्याने सांगितलं तेव्हा मी भेंडी चिरत होते. कशाचा दुसरा भाग, हे विचारायची गरज नव्हती. आमच्या घरात पहिला भाग एकाच गोष्टीला म्हणतात. बावीस वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत डोंबिवलीतल्या काही हौशी मंडळींनी ‘काळा शेला’ नावाचं बालनाट्य केलं होतं. त्यात तोंडावर काळा मुखवटा आणि खांद्यावर काळा शेला घेतलेला एक सरदार होता. तो तलवार फिरवायचा, जुलमी सुभेदाराची माणसं लोळवायचा आणि शेवटी सज्जातून खाली उडी मारून नाहीसा व्हायचा. तो सरदार म्हणजे आमचे हे. तेव्हा वय सव्वीस, कंबर तीस, आणि डोक्यावर केस.

“उडी आहे का त्यात?” मी विचारलं.

“असणारच ना. उडीशिवाय काळा शेला कसा होईल?”

मी सुरी खाली ठेवली. “दीड वर्षापूर्वी तुझ्या हृदयात दोन स्टेंट घातलेत, ते विसरलास का?”

“घातलेत ना? मग आता उलट जास्त बरं आहे,” असं म्हणून त्याने ताटातली एक भेंडी उचलून कच्चीच खाल्ली आणि आत गेला. अशा माणसाशी काय बोलायचं, सांगा.

त्याचं आणि माझं लग्न ठरवून झालं. गंमत म्हणजे तो पहिला भाग मी बघितलेला. भाच्याला घेऊन गेलेले. भाचा लाडू खात झोपला आणि मी मात्र खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. पुढे वर्षभराने आमच्याकडे पोहे खायला एक मुलगा आला. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, एमआयडीसीत मेंटेनन्सला. पोहे खाताना त्याने मान वर केली नाही. साखरपुड्यानंतर त्याची आई म्हणाली, “आमचा नाटकात काम करतो बरं का, उड्या मारतो.” तेव्हा मला कळलं की तो हा. मी खूश झाले होते, खोटं कशाला बोलू? फार खूश झाले होते. आता त्या खुशीची शिक्षा भोगतेय.

त्याला मी चारचौघांत ‘अहो’ म्हणते आणि घरात ‘अरे’. आमच्या वयाच्या डोंबिवलीतल्या बऱ्याच बायकांचं असंच असतं. सासूबाई होत्या तोवर घरातही ‘अहो’ होतं. त्या गेल्या, मग हळूहळू ‘अरे’ झालं. पण बाहेर कधी जीभ घसरली नाही, हे मी अभिमानाने सांगायचे. सांगायचे, म्हणजे त्या नाटकापर्यंत.

दीड वर्षापूर्वीचं आधी सांगते, म्हणजे मी का चिडते ते तुम्हाला कळेल.

रविवार होता. सकाळी दूध फाटलं. मी म्हटलं, खाली जाऊन एक पिशवी घेऊन ये. हा शब्दकोड्यात डोकं घालून बसलेला. दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा जरा वरच्या पट्टीत म्हटलं. तेव्हा पेन आपटून उठला आणि चपला घालता घालता म्हणाला, “जातो, जातो! जातो बाई एकदाचा!” आणि गेला. तीन मजले धडाधड उतरून गेला, तेही रागाने. वीस मिनिटांनी डेअरीवाल्याचा फोन आला की वहिनी लगेच खाली या, साहेबांना कसंतरी होतंय. मी गाऊनवर ओढणी घेऊन धावले. हा डेअरीच्या पायरीवर बसला होता, घामाने चिंब, आणि हातात दुधाची पिशवी घट्ट धरून. ती पिशवी त्याने ठाण्याच्या हॉस्पिटलपर्यंत सोडली नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. कल्याणला, आठवी आणि नववी. कारण आणि परिणाम हे मी दर वर्षी फळ्यावर लिहून देते. एका शब्दामुळे कुणाच्या रक्तवाहिनीत गुठळी होत नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे माझ्या आईने माझ्या डोक्यात इतकं ठोकून बसवलंय, आणि नेमका त्याच दिवशी हा ‘जातो’ म्हणाला, तोही तीन वेळा. त्या दिवसापासून आमच्या घरात ‘जातो’ बंद. दारातून बाहेर पडताना “येतो गं” म्हणायचं, आणि मी जिथे असेन तिथून “जपून!” म्हणणार. तोंडात टूथपेस्ट असो, हातात कणीक असो, माझं “जपून!” गेलंच पाहिजे. ते आता इतकं अंगवळणी पडलंय की एकदा शेजारचे काका आपल्या दारात त्यांच्या बायकोला “येतो गं” म्हणाले आणि मी आमच्या स्वयंपाकघरातून त्यांना “जपून!” सांगितलं.

दुसरा नियम लिफ्टचा. जिना बंद. वर येताना लिफ्ट, खाली जातानाही लिफ्ट. लिफ्ट बंद असेल तर चालू होईपर्यंत खाली बाकड्यावर बसून राहायचं. बादली उचलायची नाही, सिलिंडर हलवायचा नाही, माळ्यावर चढायचं नाही. आमची मुलगी तेरा वर्षांची आहे. ती म्हणते, “आई, चिल ना यार, बाबाला म्युझियममध्ये ठेवलंयस तू.” तिला काय कळतंय? तिने ती डेअरीची पायरी बघितली नव्हती.

तर असा हा माणूस उडी मारायला निघाला.

मी म्हटलं, ठीक आहे, डॉक्टरांना विचारू. ते सांगतील तसं करू. तो लगेच तयार झाला. पंधरा दिवसांनी तपासणी होतीच. ठाण्याला गेलो. त्याला पट्ट्यावर चालवलं, मग जरा पळवलं, छातीला वायरी लावून. रिपोर्ट आला. तो आत बूट घालत होता तेवढ्यात मी एकटीच डॉक्टरांच्या केबिनमध्ये घुसले आणि सगळं सांगितलं. नाटक, सज्जा, पाच फुटांवरून उडी, खाली गाद्या.

डॉक्टर हसले. म्हणाले, “मारू दे की! रिपोर्ट छान आहे. गाद्या नीट घाला, गुडघे सांभाळा म्हणावं. हृदयाला काही होत नाही. उलट जिने-बिने चढतात की नाही? चढायला हवेत.”

मी बाहेर आले. हा बुटाच्या नाड्या बांधून उभा होता, शाळेतल्या पोरासारखा तोंड करून. “काय म्हणाले?”

“नाही म्हणाले,” मी म्हटलं.

झालं. सांगून टाकलं. बेधडक. पोरांनी प्रयोगवहीत आकडे बदलले तर मी त्यांना अख्खी वही परत लिहायला लावते, आणि इथे मी डॉक्टरांचं उत्तर बदललं. आणि जिन्याबद्दल काय म्हणाले ते तर सांगितलंच नाही. त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, “बरं. उडी नाही तर नाही.” मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्यापेक्षा हायसं जास्त वाटलं, हे पण खरं.

आता सरांबद्दल. नाटकाचे लेखक आणि दिग्दर्शक म्हणजे एक निवृत्त शिक्षक, आमच्या ह्यांचे गुरू. पहिला भागही त्यांचाच. ते पूर्वी डोंबिवलीत राहायचे, आता माजिवड्याला मुलाकडे राहतात. त्यामुळे नट डोंबिवलीचे, प्रयोग डोंबिवलीत आणि तालीम मात्र माजिवड्याच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, दर रविवारी सकाळी. मधला रस्ता ज्याने केलाय त्यालाच कळेल. दोन तासांच्या तालमीसाठी हा चार तास रस्त्यावर, आणि घरी आला की म्हणतो, “आज मजा आली.” इकडे धुणं, बाजार, मुलीचा क्लास, सगळं माझ्या डोक्यावर.

दुसऱ्या भागाचं नाव सरांनी ठेवलं ‘संसार आणि समशेर’. नाव ऐकूनच मी कपाळाला हात लावला. गोष्ट अशी की काळा शेला आता प्रौढ झालाय. लग्न झालंय, एक मुलगी आहे. दिवसा तो गडावरच्या धान्यकोठारात कारकून म्हणून काम करतो, आणि तो मुखवटेवाला वीर आहे हे घरात कुणाला माहीत नाही. बायको त्याला भित्रा समजते. एकीकडे सुभेदार पुन्हा माजलाय, दुसरीकडे बायको म्हणते तेल संपलंय. वीर इकडे तलवार बाहेर काढतो आणि तिकडून हाक येते, “अहो, मुलीला आंघोळ कुणी घालायची?” सर मला म्हणाले, “तुमच्याच घरावरून सुचलं हो.” म्हणजे घर मी चालवायचं आणि नाटक सरांनी लिहायचं!

पहिल्याच तालमीला घोटाळा. सरांनी ग्रुपवर टाकलं, ‘रविवारी सर्वांनी मास्क घेऊन येणे.’ त्यांना अभिप्रेत होते सैनिकांचे मुखवटे, मापं घ्यायची होती. मंडळी आली ती निळे, पांढरे, औषधाच्या दुकानातले मास्क लावून. एकाने तर दोन लावलेले. सर घाबरले, म्हणाले, “काय, पुन्हा सुरू झालं की काय?” हे नवऱ्याने घरी येऊन हसत हसत सांगितलं आणि मी पण हसले. तेवढंच काय ते त्या दिवसांत मी हसले.

उडीचा प्रश्न सरांनी सोडवला. मागच्या बिल्डिंगमधली एक मुलगी मल्लखांब करते. कॉलेजात शिकते, उंची ह्यांच्याएवढीच, अंग रबरी. सर म्हणाले, मुखवटा घातला की आत कोण आहे कुणाला दिसतंय? सरदार सज्जात येईल, बायकोचा निरोप घेईल, तलवार घ्यायला आत जाईल, आणि त्याच दारातून ही मुलगी मुखवटा घालून धावत येईल आणि उडी मारेल. एक सेकंद न थांबता. प्रेक्षकांना कळणारही नाही.

मला ही युक्ती इतकी आवडली की मी तिचे कपडे शिवायला घेतले. अडचण एकच होती, पोटाची. मुलगी म्हणजे काठी, आणि आमचे हे म्हणजे... असो. मी जुनी उशी फाडून, कापूस काढून, तिच्यासाठी कापडी पोट शिवलं, मागून नाड्यांनी बांधायचं. ती आमच्या हॉलमध्ये ते बांधून आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “काकू, काकांचं पोट एवढं नाहीये हो.”

“आहे,” मी आणि माझी लेक एकदम म्हणालो.

नवरा सोफ्यावर बसून बघत होता. पेपर उचलून तोंडासमोर धरला. तो पेपर कालचा होता.

खरं भांडण झालं ते एका शब्दावरून. प्रयोगाच्या तीन आठवडे आधी मी तालीम बघायला माजिवड्याला गेले. शेवटचा प्रवेश चालला होता. सज्जाच्या जागी टेबल. सरदार टेबलावर उभा, खाली त्याची बायको. ते काम करणारी बाई ठाण्याच्या कोळीवाड्यातली, स्वभावाने मोकळीढाकळी. एव्हाना बायकोला सगळं कळलेलं असतं, ती रडते, आणि सरदार छातीवर हात ठेवून म्हणतो, “जातो, प्रिये!”

मी उभीच राहिले. “सर, हे बदला.”

“काय बदलायचं?”

“‘जातो’ नको. ‘येतो’ करा. आपला माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणतो का कधी?”

सर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “अहो बाई, तो मृत्यूच्या दाढेत चाललाय. तिथे ‘येतो’ म्हणाला तर खाली दूध आणायला चालल्यासारखं वाटेल. लोक हसतील.”

दूध आणायला! सरांना माहीत होतं सगळं, हॉस्पिटलमध्ये भेटायला आलेले. पण त्या क्षणी त्यांच्या लक्षात नव्हतं, वाक्याच्या नादात बोलून गेले. नवरा टेबलावर तसाच उभा, छातीवरचा हात न काढता. त्याच्या लक्षात आलं होतं. तो खाली बघत राहिला.

कोळीवाड्यातली बाईच मध्ये पडली. म्हणाली, “सर, ताईंचं बरोबर आहे. माझी आजी होती ना, आजोबा होडीवर निघताना चुकून ‘जातो’ म्हणाले तर त्यांना परत घरात बोलवायची. बसवायची, पाणी पाजायची, आणि मग ‘येतो’ म्हणवून सोडायची. मासळी गेली तरी चालेल म्हणायची.”

“ते घरात,” सर म्हणाले, “हे रंगमंचावर आहे. इथे ‘जातो’च.” आणि टाळी वाजवून पुढचं चालू केलं. सर मोठे, नवऱ्याचे गुरू, त्यांच्यापुढे किती बोलणार? परतीच्या वाटेवर मी रिक्षात तोंड फिरवून बसले. नवरा म्हणाला, “अगं, नाटकातला शब्द आहे तो.” मी म्हटलं, “मग तर बदलायला काय जातंय?” आणि ‘जातंय’ शब्दाने माझं मलाच चिडायला झालं.

प्रयोग रविवारी दुपारी होता. डोंबिवलीचं नाट्यगृह बऱ्यापैकी भरलं होतं. मुलं, आज्या, आजोबा, पहिला भाग बघितलेले आणि आता स्वतःची पोरं घेऊन आलेले लोक. मी आणि मुलगी तिसऱ्या रांगेत. निघताना घरी मी मेकअपच्या पेटीत त्याच्या गोळ्या घातल्या, जिभेखाली ठेवायची गोळी वेगळ्या डबीत, डबीवर नाव लिहून. मल्लखांबवाल्या मुलीला तीनदा सांगितलं, पोटाच्या नाड्या घट्ट बांध. ती “हो काकू, हो काकू” करत होती. माझ्या डोळ्यांकडे मात्र बघत नव्हती. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

नाटक चांगलं चाललं होतं, हे मला कबूल करावं लागेल. कोठारातल्या कारकुनाचं काम करताना नवरा इतका घाबरट, इतका केविलवाणा दिसत होता की लोक पोट धरून हसत होते. बायको म्हणते, “अहो, जिन्यात पाल आहे,” आणि हा तलवारीचा धनी खुर्चीवर चढून बसतो. माझी मुलगी हसून हसून माझ्या खांद्यावर पडली. मला मात्र हसू येईना. तो कारकून कुठून आला ते मला कळत होतं. बादली उचलू नको, माळ्यावर चढू नको, जिना नको. गेलं दीड वर्ष मी त्या कारकुनाबरोबर राहत होते, आणि त्याला तसा मीच केला होता.

शेवटचा प्रवेश आला. निळा उजेड, सज्जा, खाली रंगवलेली झुडपं आणि झुडपांमागे गाद्या. काळा शेला सज्जात आला. छातीवर हात. “जातो, प्रिये!” आवाज खणखणीत. मी बॅगेचा पट्टा आवळून धरला. मग ठरल्याप्रमाणे तो तलवार घ्यायला आत गेला. मी श्वास सोडला. आता त्याचं काम संपलं होतं, आता ती मुलगी येणार आणि उडी मारणार.

दारातून मुखवटेवाला बाहेर आला. पण धावत नाही, चालत. सज्जाच्या कडेला येऊन थांबला. थांबायचं नव्हतं! ती मुलगी एक सेकंदही थांबणार नव्हती, मी दोनदा तालीम बघितली होती. त्याने खाली बघितलं. मग रंगमंचावरच्या बायकोकडे नाही, तर सरळ तिसऱ्या रांगेकडे मान वळवली. आणि त्या सगळ्या खणखणीत आवाजांनंतर, आमच्या दारात बोलतो तसा, साध्या आवाजात म्हणाला, “येतो गं.”

आणि माझ्या तोंडून निघालं, “अरे जपून!”

ठरवून नाही हो. दीड वर्षाची सवय. नाट्यगृह एकदम शांत होतं, टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, त्यात माझा शाळेतला आवाज, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. अख्खं सभागृह फुटलं. बायका, पोरं, आजोबा, सगळे हसतायत. मुलगी दोन्ही हातांनी तोंड झाकून खुर्चीत खाली सरकली. कडेला विंगेत सरांनी डोकं धरलेलं मला दिसलं. आणि वर ‘अरे’! चारचौघांत नाही, चारशे लोकांत.

तो पण हसला. मुखवट्याखाली फक्त ओठ दिसत होते, पण मला कळलं. आणि त्या हशातच त्याने उडी मारली.

शेला वर उडाला. झुडपांमागून धप्प असा आवाज आला. लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि मी उभी होते. मागचे म्हणतायत, “बसा हो बाई,” मी उभीच. किती वेळ गेला माहीत नाही, दोन सेकंद असतील. माझ्या डोळ्यांसमोर ती डेअरीची पायरी. मग झुडपांमागून एक हात वर आला, हातात तलवार, आणि हा उठून उभा राहिला. मुखवटा कानाशी सरकलेला, एक डोळा झाकलेला. शिट्ट्याच शिट्ट्या.

पडदा पडल्या पडल्या मी आत गेले. हा खुर्चीवर बसून पाणी पीत होता. मुखवटा काढलेला, तोंडावर त्याचा लाल वळ. बाजूला मल्लखांबवाली मुलगी उभी, कापडी पोट बांधलेलं, मला बघून कोळीवाड्यातल्या बाईच्या मागे लपली.

मी आधी त्याचा हात धरून नाडी बघितली. घड्याळ लावून बघितली. ठीक होती. मग माझा बांध फुटला. “लाज नाही वाटत? डॉक्टर नाही म्हणाले होते! काही झालं असतं तर? मी काय केलं असतं रे? परत तीच पायरी, परत तोच फोन? तुला एकदा तरी माझा विचार आला?” सगळे बघत होते. मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता.

त्याने ग्लास खाली ठेवला. हळूच म्हणाला, “डॉक्टर हो म्हणाले होते.”

मी त्याचं मनगट सोडलं.

“गेल्या महिन्यात तुझ्या शाळेत परीक्षा होती, मी एकटा रिपोर्ट घेऊन गेलो. तर तेच म्हणाले, काय, उडीची तालीम कशी चाललीय? बायको विचारून गेली होती ना?”

“म्हणजे महिनाभर तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग बोलला का नाहीस?”

तो जरा वेळ मुखवट्याची नाडी बोटाला गुंडाळत बसला. “तू ते पोट शिवत होतीस ना,” तो म्हणाला. “तेवढ्यापुरतं तुला बरं वाटत होतं. म्हटलं, शिवू दे.”

खोटं मी बोललेले, आणि महिनाभर ते सांभाळलं त्याने. मी त्याच्या कानाशी अडकलेला मुखवट्याचा धागा काढला, म्हटलं, “गाद्या नीट घातलेल्या का निदान?” तो म्हणाला, “सहा.” सर आत आले, माझ्याकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, “बाई, पुढच्या प्रयोगाला तुम्ही तिसऱ्या रांगेत असाल ना? तो हशा मला हवाय.” मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला दूध नव्हतं. प्रयोगाच्या गडबडीत आणायचं राहिलेलं. मी काही म्हणायच्या आत तो उठला. गुडघा जरा धरला होता, लंगडत चपला घालत होता. दारात उभा राहून म्हणाला, “येतो गं.”

मी ओट्याशी उभी होते. “जपून!” ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, “जिन्याने जा.”

तो दारातच थांबला. मला वाटलं, मागे वळून काहीतरी बोलेल. मग पावलांचा आवाज आला. आधी एकेक पायरी, बिचकत. दुसऱ्या मजल्याच्या पुढे मात्र धाडधाड, लंगडा गुडघा घेऊन. मी चहाचं आधण बंद केलं आणि खालचं लोखंडी दार वाजेपर्यंत कान लावून उभी राहिले.

मग मागे वळून बघितलं, तर दूध आणायची कापडी पिशवी दाराच्या खिळ्यालाच. बावीस वर्षं झाली, या माणसाला तलवार आठवते, पिशवी आठवत नाही. मी गॅलरीतून हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, येऊ दे परत. तीन मजले चढून.